पार्ट लोडच्या गोदामात नवीन आहात? आधी ई-वे बिलाचं घड्याळ बघा

बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती) कशी बनते, टू-पे (भाडं माल घेणारा देतो) आणि पेड (भाडं पाठवणारा आधीच देतो) यांत फरक काय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पार्ट लोड म्हणजे भिवंडीच्या गोदामात वीसेक गिऱ्हाइकांचे नग एका गाडीत बसवायचे, कोल्हापूरचा माल आत, साताऱ्याचा दाराशी, जड खाली, हलका वर, फिनाइलच्या कॅनशेजारी चहाची खोकी नकोत. हे मुकादमाकडून शिका. कॉम्प्युटरवरचा लोडिंग प्लॅन बघून त्याला अक्कल शिकवणारे सुपरवायझर फार टिकत नाहीत.

मला धरलं ते ई-वे बिलाने, म्हणजे जीएसटीत माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याने, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. बिलाच्या भाग अ मध्ये मालाचा तपशील, भाग ब मध्ये गाडी नंबर. नंबर पहिल्यांदा पडला की मुदत सुरू: दर 200 किलोमीटरला एक दिवस, आणि पहिला दिवस संपतो दुसऱ्या दिवशी रात्री बारा वाजता. भिवंडी-कोल्हापूर 400 च्या आत, म्हणजे दोन दिवस. फुल लोडला ते पुरतात, कारण गाडी भरली की निघते. पार्ट लोडचा माल मात्र गाडी भरायची वाट बघत पडून असतो. वसईच्या गिऱ्हाइकाने सोमवारी दुपारी माल पाठवताना आपल्या टेम्पोचाच नंबर टाकला, आणि तुमची गाडी बुधवारी रात्री निघाली. मध्यरात्री मुदत संपली, गाडी अजून घाटात. खरं तर राज्यातल्या राज्यात, ट्रान्सपोर्टरच्या गोदामापर्यंत 50 किलोमीटरच्या आत, भाग ब भरायची गरजच नसते.

‘एकत्रित ई-वे बिल काढलं की झालं’ असं सांगणारा एक तरी सीनियर तुम्हाला भेटेल. ऐकू नका! एकत्रित बिल म्हणजे नुसती यादी. तिला स्वतःची मुदत नाही. प्रत्येक नगाचं बिल आपापल्या वेळी मरतं. पुण्याच्या हबवर माल दुसऱ्या गाडीत चढवून नवा नंबर टाकलात, तरी मुदत नव्याने सुरू होत नाही. एकाच्या कागदासाठी अख्खी गाडी अडते. मालाचा मालक पुढे आला तर दंड कराच्या दुप्पट, आणि बाकीच्या एकोणीस जणांचे फोन तुम्हालाच.

घाबरू नका, मुदत वाढवता येते. पण संपायच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास, एवढीच खिडकी, म्हणजे दुपारी चार ते सकाळी आठ, आणि त्यातला बराचसा वेळ रात्रीचा, टेबलावर कोणी नसताना. म्हणून बुकिंगलाच बिलाची मुदत बिल्टीच्या कॉपीवर लाल मार्करने लिहा, आणि लोडिंगला माल काढताना आधी ती तारीख बघा. आधी आलेला नग आधी, हा नियम इथे चालत नाही.

थर्माकोलसारखा फुगीर माल आला तर मापाची टेप लावा, काट्यावर विसंबू नका. घनफुटाला किती किलो धरायचे ते तुमच्या कंपनीच्या रेटकार्डात असतं.

आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना आजच फोन करून सांगा: भाग अ मध्ये आमचा ट्रान्सपोर्टर आयडी टाका, गाडी नंबर आम्ही निघताना टाकू.