नॅक्सोसला जाताय? गावं सकाळी, बीच दुपारी

ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर जाणार असाल तर नुसतं बंदराजवळच्या बीचवर पडून राहू नका, एक दिवस गाडी भाड्याने घेऊन आतल्या गावांत जाच. पण त्यासाठी भारतातून निघतानाच आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, आणि तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात हे पहिला तासभर तरी स्वतःला बजावत राहा.

सकाळी लवकर निघून आधी हल्की गावात जा, तिथे 1896 पासूनची कित्रोनची भट्टी आहे, कित्रोन म्हणजे महाळुंगाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून काढलेली गोडसर दारू, चाखून बघा पण जो गाडी चालवणार त्याने नाही हां. मग फिलोती गाव करत अपिरांथोस गावात. तिथल्या गल्ल्यांत संगमरवराच्या फरशा आहेत, पायांनी घासून घासून इतक्या गुळगुळीत झाल्यात की साध्या चपलेने उतारावर सटकायला होतं, ग्रिपवाले बूट घाला.

दुपारी गावं झोपतात, दुकानं बंद, तेव्हा खाली समुद्रावर उतरा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो, मोकळ्या बीचवर वाळू अक्षरशः पोटऱ्यांना टोचते. अशा दिवशी मिक्री व्हिग्ला बीचची उत्तरेकडची बाजू काइटसर्फिंगवाल्यांना (मोठ्या पतंगाच्या जोरावर पाण्यावर सरकणाऱ्यांना) सोडा आणि तिथल्या टेकाडाच्या दक्षिणेला जा, किंवा आगिओस प्रोकोपिओस बीच गाठा, तिथे बराच आडोसा मिळतो. बसही आहे, पण डोंगरातल्या गावांना फेऱ्या कमी, परतीची वेळ आधी विचारून ठेवा.