तेहरानमधला शाही दागिन्यांचा खजिना बघायला जाताय? आधी हे वाचून जा

तेहरानला गेलेल्या बऱ्याच लोकांचं हे म्युझियम राहूनच जातं, आणि कारण एकदम साधं असतं, त्यांनी टाइम बघितलेला नसतो. वर्षानुवर्षं ते शनिवार ते मंगळवार एवढंच आणि तेही दुपारी २ ते ४:३० एवढंच उघडं राहत आलंय. तिकडे वीकेंड गुरुवार-शुक्रवारचा असतो, त्यामुळे बुधवारी सकाळी उतरलात आणि शुक्रवारी रात्री इस्फहानची बस पकडलीत तर विषयच संपला. सरकारी सुट्टी, शोकदिवस, बँकेचं काही काम, कशामुळेही ते मध्येच बंद होऊ शकतं, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलच्या रिसेप्शनला सांगून फोन करून घ्या. माझं स्पष्ट मत आहे की तेहरानचे दिवस ठरवताना हे म्युझियम आधी मधोमध टाकायचं आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवायचं, कारण राजवाडे आणि बाजार रोज मिळतात, दर्या-ए-नूर हिरा रोज मिळत नाही.

व्हिसा, पैसा वगैरे पटकन सांगून टाकू. भारतीय पासपोर्टवाल्यांना २०२४ च्या फेब्रुवारीपासून विमानाने गेल्यास १५ दिवस व्हिसा लागत नव्हता, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये ती सवलत थांबवली गेली, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तिकीट काढू नका. तिथली परिस्थिती गेल्या काही वर्षांत बरीच तणावाची राहिली आहे, आपल्या परराष्ट्र खात्याची त्या वेळची सूचना वाचा आणि ती 'जाऊ नका' म्हणत असेल तर खरंच जाऊ नका, दागिने कुठे पळून जात नाहीत. आपली व्हिसा-मास्टरकार्ड तिकडे चालत नाहीत, सगळे पैसे डॉलर किंवा युरोत कॅश न्यायचे. भाव बऱ्याचदा तोमानमध्ये सांगतात आणि एक तोमान म्हणजे दहा रियाल, हे डोक्यात पक्कं ठेवा. बायकांनी स्कार्फ जवळ ठेवायचा. लहान मुलं बरोबर असतील तर त्याच फोनवर विचारून घ्या, बारा वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत असा नियम राहिलेला आहे.

आता जायचं कसं. मी म्हणेन की त्याच दिवशी सकाळी आधी गुलिस्तान राजवाडा करा. याला कारण आहे. जे मुकुट आणि बाजूबंद तुम्ही दुपारी काचेआड बघणार आहात ते जिथे वापरले गेले ती जागा ही आहे, १९२६ मध्ये रझा शाह पहलवीचा आणि १९६७ मध्ये त्याच्या मुलाचा, मोहम्मद रझा शाहचा राज्याभिषेक इथेच झाला. तिथे पहलवींच्या आधीच्या काजार घराण्यातल्या फतह अली शाहची चित्रं शोधा, कमरेपर्यंत काळी दाढी असलेला हा राजा ओळखायला एकदम सोपा आहे आणि त्याने स्वतःची चित्रं भरपूर काढून घेतली, आणि प्रत्येक चित्रात त्याच्या दंडावर काय बांधलंय आणि डोक्यावर काय आहे ते नीट बघून ठेवा. दुपारी तेच दागिने समोर आले की ते ओळखीचे वाटतात, नुसता झगमगाट राहत नाही. बाजार तिथे लागूनच आहे, दीझी (मटण-चण्याचा रस्सा) किंवा चेलो कबाब (भात आणि कबाब) खा, आणि पानझ्दह-ए-खोर्दाद स्टेशनवरून मेट्रोच्या लाइन १ ने दोन स्टॉप वर सादीला उतरा. तिथून पश्चिमेला चालत फिरदौसी रस्त्यावर यायचं. चलन बदलून देणारी दुकानं याच रस्त्यावर आहेत, त्यामुळे ते कामही होऊन जातं.

बिल्डिंग बघून म्युझियम आहे असं अजिबात वाटत नाही, कारण ती बँकच आहे, इराणची सेंट्रल बँक, आणि दागिने तिच्या तळघरातल्या तिजोरीत आहेत. राजाचे दागिने बँकेत का, तर १९३७ मध्ये कायदा करून ते राजवाड्यातून बँक मेल्लीकडे दिले गेले, देशाच्या चलनाला तारण म्हणून, आणि १९६० मध्ये सेंट्रल बँक निघाली तेव्हा ते तिच्याकडे आले. म्हणजे हे कागदोपत्री राजाच्या मालकीचं राहिलंच नव्हतं, १९७९ च्या क्रांतीत शाह देश सोडून गेला तरी खजिना जागच्या जागी राहिला तो म्हणूनच. बाहेर बंदूकवाले गार्ड असतात, रस्त्यावरूनही फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. आत मोबाइल, कॅमेरा, बॅग सगळं जमा करायचं आणि एकापेक्षा जास्त वेळा तपासणी होते. जवळचा चष्मा मात्र खिशात ठेवा, तो खरंच लागतो. काचेला हात किंवा कपाळ टेकलं तरी अलार्म वाजतो, दर थोड्या वेळाने कोणाचा ना कोणाचा तरी वाजतच असतो, घाबरू नका, फक्त हात मागे बांधून फिरायची सवय लावा. वस्तूंजवळची माहिती अगदी त्रोटक असते, म्हणून इंग्रजीतला गाइड मिळाला तर त्याच्याबरोबर एक फेरी मारा आणि मग उरलेला वेळ एकट्याने परत फिरा. पहिल्या फेरीत डोळे दिपतात आणि नीट काही दिसत नाही, दुसऱ्या फेरीत खरं बघणं होतं.

सगळं बघायचा हट्ट धरू नका. अडीच तासात पाच-सहा गोष्टी मन लावून बघितल्या तर पुष्कळ झालं.

मोठं सिंहासन दिसलं की आपल्या लोकांना वाटतं हेच शाहजहानचं मयूरासन, नादिरशाहने दिल्लीहून उचललेलं. ते हे नाही. ते मूळ सिंहासन नादिरशाहच्या खुनानंतरच्या लुटालुटीत गेलं. इथे दोन आहेत आणि दोन्ही फतह अली शाहच्या काळातली. एक पलंगासारखं ऐसपैस, त्याला आधी सूर्य सिंहासन म्हणायचे आणि मग त्याच्या लाडक्या बायकोच्या, ताऊस खानमच्या नावावरून ताऊस म्हणजे मोराचं सिंहासन म्हणायला लागले. दुसरं खुर्चीसारखं उंच, त्याला नादिरी म्हणतात पण नादिरशाहशी त्याचा काही संबंध नाही. हे दुसरं मला जास्त आवडतं. पाठीचा भाग मोराच्या पिसाऱ्यासारखा, पायाशी सिंह, आणि नीट बघत बसलात तर पानांमध्ये पक्षी, बदकं आणि ड्रॅगनसुद्धा सापडतात. त्यावर २६,७३३ रत्नं आहेत, आणि विशेष म्हणजे ते सुटं होतं, राजा उन्हाळ्यात मुक्काम हलवायचा तेव्हा भाग वेगळे करून बरोबर न्यायचे. सांधे कुठे आहेत ते शोधून बघा.

मग दर्या-ए-नूर. यासाठी मी वेळेचा मोठा भाग ठेवेन. साधारण १८२ कॅरेट, ४१ मिलिमीटर लांब आणि जेमतेम ३० मिलिमीटर रुंद, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडासा लहान, चपटा आणि फिकट गुलाबी. तो रंग लगेच दिसत नाही, आधी पांढराच वाटतो. एकाच जागी उभं न राहता डावीकडून उजवीकडे हळूहळू सरका, मग एका कोनात तो गुलाबीपणा येतो. भोवतीची चौकट काजार घराण्यातल्याच नासिरुद्दीन शाहने नंतर बसवली, त्यात ४५७ छोटे हिरे आहेत आणि वरती सिंह-सूर्य हे इराणचं जुनं राजचिन्ह, त्यांच्याकडे बघण्यात वेळ घालवू नका. हिऱ्याच्या एका बाजूवर फतह अली शाहचं नाव कोरलंय आणि हिजरी १२५० साल, म्हणजे १८३४, त्याच्या मरणाचंच वर्ष. हिरा गोवळकोंड्याचा, १७३९ मध्ये दिल्लीहून गेलेला. १९६० च्या दशकात कॅनडाहून तज्ज्ञांची टीम आली आणि त्यांनी हा खजिना तपासून असं मांडलं की १६४२ मध्ये ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने गोवळकोंड्यात जो भलामोठा गुलाबी हिरा बघून त्याचं चित्र काढून ठेवलं होतं, त्याचेच दोन तुकडे म्हणजे हा दर्या-ए-नूर आणि दुसरा नूर-उल-ऐन. तो दुसरा तुकडाही याच म्युझियममध्ये आहे, साधारण ६० कॅरेटचा, मोहम्मद रझा शाहची राणी फराह पहलवी हिच्या लग्नासाठी हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने बनवलेल्या टिआराच्या मधोमध. एक बघितला की दुसरा शोधून लगेच बघा, रंग डोळ्यात असतानाच. आणि ताज-ए-माह चुकवू नका, ११५ कॅरेट, बिनरंगाचा, हाही आपल्याकडचाच, काजार राजे तो आणि दर्या-ए-नूर दोन दंडांवर जोडीने बांधायचे. सकाळी चित्रं बघितली असतील तर इथे एकदम लक्षात येईल.

हे बघताना आपल्या मनात जे येतं ते येणारच. करनालच्या लढाईनंतर दिल्लीत कत्तल झाली, हजारो माणसं मेली आणि मग खजिना उंटांवर लादून गेला, मे १७३९ मध्ये नादिरशाह दिल्लीतून निघाला आणि त्याच महिन्यात इकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली. माझं म्हणणं एवढंच आहे की राग येऊ द्या, पण बघणं सोडू नका. या हिऱ्यांसाठी नंतर इराणमध्येही तेवढीच क्रूरता झाली, नादिरशाहचा आंधळा नातू शाहरुख म्हातारपणी काजार घराण्याचा पहिला राजा आगा मोहम्मद खानच्या हाती लागला आणि लपवलेली रत्नं कुठे आहेत ते सांगेपर्यंत त्याचा छळ केला गेला. हे माहीत असलं की काचेतली वस्तू नुसती सुंदर राहत नाही.

मुकुटांच्या बाबतीत जुन्याकडून नव्याकडे जा. कियानी मुकुट फतह अली शाहचा, उंच, लाल मखमलीचा, त्यावर साधारण १८०० मोती. चित्रातला तो हाच. मग पहलवी मुकुट, १९२६ चा, रझा शाहला काजारांचा मुकुट घालायचा नव्हता म्हणून नवीन बनवला, ३,३८० हिरे आणि वजन दोन किलोच्या वर. आणि तिसरा फराहचा, १९६७ चा. राणीला मुकुट घालायची तिथे पद्धत नव्हती त्यामुळे तो नव्यानेच घडवावा लागला, आणि कायद्याने रत्नं देशाबाहेर नेता येत नव्हती म्हणून पॅरिसच्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सच्या कारागिरांना तेहरानला येऊन काम करावं लागलं. मधला कोरीव पाचू ९१ कॅरेटचा आहे. पाचूंबद्दल एक सांगायचं राहिलं, इथे पाचूंचे ढीगच्या ढीग आहेत आणि त्यातले बहुतेक मूळ कोलंबियाचे. स्पॅनिश लोकांनी ते तिकडून काढले, पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत गोव्याच्या बाजारात आले, तिथून मुघलांकडे गेले आणि मुघलांकडून इराणला. फराहच्या मुकुटापाशी थांबाल तेव्हा हा प्रवास आठवा.

पृथ्वीचा गोल शेवटी ठेवा. नासिरुद्दीन शाहने १८६९ मध्ये खजिन्यातली सुटी रत्नं हरवू नयेत म्हणून ती या गोलावर बसवून घेतली, ३४ किलो सोनं आणि ५१,३६६ रत्नं. समुद्र पाचूंचे, जमीन लाल रत्नांची, इराण हिऱ्यांचा. देशांच्या हद्दी पटकन कळत नाहीत, आधी विषुववृत्ताची हिऱ्यांची रेघ पकडा, मग आफ्रिका, मग तिथून उजवीकडे सरकत भारत सापडतो. इथे गर्दी असते, पण लोक एक मिनिट बघून पुढे जातात, तुम्ही थांबा.

जाणं शक्यच नसेल तरी या खजिन्याचे नातेवाईक इतरत्र बघता येतात. लंडनला असाल तर टॉवरमध्ये कोहिनूर आहेच, नादिरशाहच्या त्याच लुटीतला, पण तो अहमदशाह अब्दालीकडे गेला म्हणून तेहरानला राहिला नाही, पानिपतच्या वेळी तो अब्दालीकडेच होता. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेजमध्ये नादिरशाहने १७४१ मध्ये रशियाला पाठवलेल्या भेटींमधले मुघल दागिने आहेत. आणि मॉस्कोला गेलात तर क्रेमलिनच्या डायमंड फंडमध्ये 'शाह' नावाचा हिरा बघाच, ८८.७ कॅरेट, लांबट आणि थोडा पिवळसर, १८२९ मध्ये रशियन राजदूत ग्रिबोयेदोव्हच्या तेहरानमधल्या खुनानंतर इराणने झारला दिलेला. त्यावर तीन नावं कोरली आहेत, शाहजहान, हाच आपला फतह अली शाह, आणि सगळ्यात आधीचं बुऱ्हाण निजामशाह, हिजरी १०००, म्हणजे साधारण १५९१, आपल्या अहमदनगरचा. अक्षरं बारीक आहेत, आणि टोकाजवळ दोरा बांधायला घातलेली खाच आहे ती चष्मा लावून शोधा. डायमंड फंडचं तिकीट शेजारच्या आर्मरी म्युझियमच्या तिकिटात येत नाही, ते वेगळं काढावं लागतं.