ठाण्यात गड्डेवाली बडीशेप: डेंगळे येऊ न देता कशी वाढवायची

वाशीच्या मार्केटात किंवा मॉलमध्ये 'फेनेल' म्हणून जो पांढरट हिरवा गड्डा मिळतो ना, खाली कांद्यासारखा फुगलेला आणि वर शेपूसारखी पानं, तो घरी येतो. ठाण्यात पण येतो. आमच्या तळमजल्याच्या मागच्या जागेत मी गेली ७ वर्षं लावतेय. पहिल्या २ वर्षांत मात्र एकही गड्डा मिळाला नाही, नुसते डेंगळे, म्हणजे फुलांचे उंच दांडे, आणि पिवळी फुलं. पहिलं वर्ष वाचलेल्या सल्ल्यांमुळे गेलं, दुसरं पाण्यामुळे. म्हणून नीट लिहितेय.

बी

डब्यातली बडीशेप पेरू नका. 'डब्यातलीच पेरा' असं इतक्या ठिकाणी लिहिलेलं असतं की राग येतो. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून आपल्याकडे येते ती बडीशेप दाण्यासाठीची, तिचं झाड माणसाएवढं उंच होतं, दाणे येतात, गड्डा धरत नाही. गड्ड्यासाठी फ्लॉरेन्स फेनेलचं बी लागतं. ऑनलाइन मिळतं. झेफा फिनो ही व्हरायटी मिळाली तर तीच घ्या, ती लवकर डेंगळ्यावर जात नाही. दिसायला बी डब्यातल्या बडीशेपेसारखंच असतं त्यामुळे पाकिटावरचं नाव नीट वाचा.

कधी पेरायचं

युरोपातल्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत हमखास सापडतं की २१ जूननंतर पेरा. त्यांचं बरोबर आहे, लंडनला तेव्हा दिवस साडेसोळा तासांच्या वर असतो आणि एवढा लांब दिवस मिळाला की हे झाड फुलावर जातं, म्हणून ते दिवस लहान व्हायला लागायची वाट बघतात. आपल्याकडे जूनच्या शेवटी धो धो पाऊस, बी कुजणार. आणि आपला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात तर ११ तासांचाच, म्हणजे लांब दिवसाचा त्रास आपल्याला थंडीत नाहीच. आपला त्रास ऊन आणि कोरडेपणा.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते १५ नोव्हेंबर, यात पेरा. पाऊस गेल्या गेल्या घाई करू नका, ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी कुंडी हाताला चटका देते. आणि डिसेंबर उजाडू देऊ नका, कारण गड्डा धरायला साधारण ९० दिवस लागतात आणि फेब्रुवारीच्या शेवटी ठाण्यात पारा ३५ च्या पुढे गेला की खेळ संपला.

पेरणी आणि पहिले ४० दिवस

बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, इथे नाही चालत.

आधी हे समजून घ्या की गड्डा म्हणजे मूळ नाही. पानांचे देठ खाली रुंद होऊन एकमेकांवर चढतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे, तो गड्डा, आणि तो मातीच्या वरच बसतो. खाली असतं ते सोटमूळ, गाजराचं असतं तसं, हे दोघं एकाच कुळातले. गाजर कोणी ट्रेमध्ये उगवून मग उपटून दुसरीकडे लावतं का? नाही ना. तरी फेनेलसाठी सगळे सांगतात प्रो-ट्रेमध्ये रोपं करा, ६ आठवड्यांनी कुंडीत हलवा. मी पहिल्या वर्षी तेच केलं. १८ रोपं होती, सुंदर, हिरवीगार. ट्रेच्या त्या इवल्याशा खळग्यात मुळं गोल गोल फिरून खाली तळाला टेकली होती, काढताना टोकं तुटली. रोपं जगली सगळी, म्हणून मला वाटलं काही बिघडलं नाही. पण झाड जगणं वेगळं आणि गड्डा धरणं वेगळं. डिसेंबरात १८ च्या १८ रोपांना डेंगळे आले, कांद्याला येतात तसेच.

मुळाला धक्का बसला, पाणी तुटलं किंवा कडक ऊन लागलं की झाड गड्डा फुगवायचं सोडून दाणे धरायच्या मागे लागतं. आणि एकदा त्या वाटेला लागलं की परत येत नाही. डेंगळा खुडला तरी बाजूने दुसरा येतो, खुडत बसू नका.

म्हणून बी थेट कायमच्या जागीच पेरा. १२ इंच खोल ग्रो बॅग किंवा जमीन, रोपांत ९-१० इंच अंतर, प्रत्येक जागी ३ बिया, १ सेंटिमीटर खोल. बी रात्रभर भिजवलं तर जरा लवकर येतं. ८ ते १२ दिवसांत उगवतं, आधी गवतासारखी दोन लांब बारीक पानं येतात (तण समजून उपटू नका, माझ्या घरी मदतीला येणाऱ्या मावशींनी एकदा पूर्ण ओळ उपटली होती), मग शेपूसारखं पहिलं खरं पान. तोपर्यंत दुपारी ११ ते ४ हिरवी जाळी धरा, नंतर जाळी काढून टाका, सावलीत रोप लांबट होऊन कोलमडतं.

रोपं बोटभर झाली की प्रत्येक जागी एकच ठेवा, आणि विरळणी करताना उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा. उपटलं की शेजारच्याचं मूळ हलतं, म्हणजे परत तोच धक्का. दोन ठेवू का असं मन होतं. ठेवू नका, दोन्ही चपटे राहतात. कापलेली रोपं वरणात घाला.

ट्रे वापरायचाच असेल तर, म्हणजे मागे गोगलगायींचा फार उपद्रव असेल तर, वर्तमानपत्राचे कप करा. स्टीलच्या पेल्याभोवती कागद गुंडाळायचा, ४ इंच उंच, तळ दुमडायचा, आणि ३ आठवड्यांचं रोप कागदासकट मातीत. कागदाची कड मातीच्या वर ठेवू नका, ती वातीसारखं पाणी ओढून हवेत सोडते.

आता पाणी. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो सतत हवा, चिखल नको आणि कोरडंही नको. मधलं बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, टोकाला गार ओलं लागलं आणि बोटाला चिखल चिकटला नाही म्हणजे बरोबर. "एक दिवसाआड पाणी" वगैरे कॅलेंडर माझ्या मते निरुपयोगी आहे, ग्रो बॅग आणि जमीन यांचं गणितच वेगळं, आणि खाडीकडून वारा सुटला की बॅग एका दुपारीत सुकते. पेंढा, सुका पाला, नारळाच्या किशा, काहीही २ इंच जाड पसरा.

माझं दुसरं वर्ष पाण्याने गेलं. गड्डे अंड्याएवढे झाले होते. लग्नाला साताऱ्याला गेलो, २ दिवस. परत आलो तर पानं माना टाकून पडलेली, पाणी घातलं तर संध्याकाळपर्यंत सगळी ताठ, मी निश्चिंत झाले. ८-१० दिवसांनी गड्डा गोल दिसायच्या ऐवजी चपटा आणि उभट दिसायला लागला, अंगठ्याने मधे दाबलं तर आत पेन्सिलीसारखं कडक काहीतरी लागलं. तो डेंगळा. असं कडक लागलं की गड्डा त्याच दिवशी काढा आणि खा, आठवड्याने तो दोरा दोरा होतो. आता २ दिवस जायचं असेल तरी शेजारच्या काकूंना चावी देऊन जाते, आणि पाणी येणार नाही असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला की आधी दोन बादल्या या झाडांसाठी भरून ठेवते.

पुढचं सगळं

ऊन ६ तास. खत दर १५ दिवसांनी पातळ शेणकाला किंवा गांडूळखताची मूठ, युरिया अजिबात नको, नुसता पाला माजतो. टोमॅटो, कोथिंबीर यांच्या कुंडीत लावू नका, मी वेगळीच बॅग ठेवते.

गड्डा अंड्याएवढा झाला की मातीची भर द्या, अर्ध्यापर्यंतच. त्याने तो पांढरा आणि कोवळा राहतो. मधल्या पोग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या सुरळीत, माती गेली तर कुजतो.

ढगाळ हवेत मधल्या कोवळ्या पानांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) येतो. पाण्याचा जोरात फवारा, नाही गेला तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब लिक्विड सोप, संध्याकाळी.

काढणी

टेनिस बॉलएवढा झाला की काढा, अजून मोठा होईल म्हणून थांबू नका. उपटायचा नाही, भर दिलेली माती बाजूला सारून मूळ मातीच्या इंचभर वर धारदार सुरीने कापायचा. कापल्यावर जो वास येतो तो बडीशेपेचाच पण ओला, गोडसर, हाताला तासभर राहतो. राहिलेल्या बुंध्याला पाणी देत राहा, २-३ आठवड्यांत बाजूने बोटाएवढे कोवळे कोंब येतात, ते आमटीत छान लागतात.

गड्डा अगदी पातळ चिरायचा, थंडीत नागपूरची संत्री आलेलीच असतात, त्याच्या फोडी, मीठ, लिंबू, बस. पाला शेपूसारखा थालीपिठात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बुंधे उपटून टाका, सोटमूळ खोल गेलेलं असतं त्यामुळे आधी पाणी घालून माती सैल करा, आणि त्याच बॅगेत भेंडी टोचा.