अनोळखी नेटवर्कवर आयपी टाकताना या चुका टाळा

नव्या ठिकाणी गेलं की वायर जोडायची, अंदाजाने एक आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) टाकायचा आणि नेट आलं की निघायचं, ही खोड मलाही होती. एका मेडिकल दुकानात १९२.१६८.१.५० ला पिंग केलं (म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली), उत्तर आलं नाही, म्हणून नव्या कॉम्प्युटरला तोच दिला. तो आयपी प्रिंटरचा होता आणि प्रिंटर तेव्हा बंद होता. संध्याकाळी गिऱ्हाईक वाढलं, प्रिंटर चालू झाला आणि बिलं अडकली. पिंगला उत्तर नाही म्हणजे आयपी मोकळा, असं कधीच धरू नका. मशीन बंद असेल किंवा त्याची फायरवॉल पिंग अडवत असेल. चालू मशीन पिंग अडवत असलं तरी त्याच रेंजमधल्या (एकाच नेटवर्कच्या पत्त्यांमधल्या) एआरपीला, म्हणजे ‘हा आयपी कोणाकडे आहे?’ या विचारणेला, उत्तर देतंच. म्हणून पिंगनंतर ‘एआरपी -ए’ ही कमांड देऊन यादीत तो आकडा आलाय का, ते बघा.

१६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला की काही जण तोच नेटवर्कचा आयपी म्हणून वहीत उतरवतात. डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तर न मिळाल्यामुळे विंडोजने तो स्वतःच घेतलेला असतो. आधी वायर, पोर्टचा दिवा आणि स्विच तपासा. सगळं ठीक असेल तर तिथे डीएचसीपी बंद असून सगळे आयपी हाताने टाकलेले असण्याची शक्यता मोठी.

अशा वेळी तिथल्याच चालू मशीनवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवून मोबाईलवर फोटो घ्या. बाकी सगळं तसंच उतरवायचं, आयपीचा शेवटचा आकडा मात्र बदलायचा. हसू नका, तोही जसाच्या तसा टाकणारे पाहिलेत.

मास्कच्या (रेंज किती मोठी ते सांगणाऱ्या आकड्याच्या) जागी सवयीने २५५.२५५.२५५.० ठोकून देणं ही सगळ्यात छुपी चूक. समजा मास्क २५५.२५५.२५४.० आहे, तुमचा आयपी १९२.१६८.१०.४० आणि गेटवे (बाहेरच्या नेटकडे जायची वाट, बहुधा राऊटर) १९२.१६८.११.२५४. खऱ्या मास्कने दोन्ही एकाच रेंजमध्ये येतात, तुमच्या मास्कने गेटवे बाहेर पडतो. विंडोज तसा इशाराही देतं. आपण तो न वाचता ‘येस’ दाबतो.

चालू मशीनला हात लावू देत नसतील तर मालकाची परवानगी घेऊन लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम) लावा, एआरपीचा फिल्टर टाका आणि चहा होईपर्यंत नुसतं ऐका. ‘१९२.१६८.१०.१ कोणाकडे आहे? १९२.१६८.१०.५७ ला सांगा’ अशा अर्थाच्या ओळी येऊ लागतात. ही हाक सगळ्यांसाठी असते, म्हणून तुमच्या पोर्टवरही पोहोचते. रेंज तिथेच कळते, आणि ज्याची विचारणा सगळ्यांकडून होते तो बहुधा गेटवे.

राऊटरवरच्या चिठ्ठीत १९२.१६८.०१०.००१ असं लिहिलेलं असेल तर आकड्यांपुढची शून्यं टाइप करू नका. विंडोजचं पिंग ०१० ला आठच्या पायाची (ऑक्टल) संख्या समजून ८ धरतं आणि तुम्ही भलत्याच पत्त्यावर हाका मारत बसता.

८.८.८.८ ला (गूगलच्या सर्व्हरला) पिंग जातंय पण साइट उघडत नाही? डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सेवा) बघा, वायरी उपसू नका.

आणि निघताना लॅपटॉपचं सेटिंग परत ऑटोवर करा. मी एकदा विसरलो, तर दुसऱ्या दिवशी पुढच्या दुकानात अर्धा तास त्यांच्या स्विचलाच नावं ठेवत होतो.