बेळगावच्या परसात झाडं का दगावतात? या चुका टाळा

बेळगाव शहर साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे घाटातला धो-धो पाऊस, पूर्वेला अथणी-रायबागकडे आभाळाकडे डोळे लावून बसलेलं रान. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना ‘मृग लागला की झाडं लावा’ हा एकच सल्ला सगळ्यांना कसा चालेल? पश्चिमेकडच्या खानापुरात जूनमध्ये लावलेलं शेवग्याचं रोप जुलैत बुडातून कुजतं. पूर्वेकडच्या गोकाकात तेच रोप जूनच्या पावसावर जीव धरतं.

तरी रोप गेलं की पहिला संशय खतावर. खरं तर आपल्याकडची बहुतेक झाडं पाण्यानं मरतात. पावसाळ्यात ते जास्त होतं, उन्हाळ्यात एक दिवस भरपूर आणि चार दिवस काहीच नाही असं होतं.

पावसाळ्यात कुंडी बुडते ती अशी

पहिली चूक म्हणजे कुंडीत नुसती लाल माती भरणं. ही माती ओली असताना लोण्यासारखी आणि सुकली की विटेसारखी. जुलैच्या झडीत तिच्यातली हवा संपते आणि मुळं गुदमरतात. दोन बुट्ट्या लाल माती, एक बुट्टी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक बुट्टी भाताचं तूस असं मिश्रण करा. तूस भातगिरणीत मिळतं. शहापूर-वडगावच्या शिवाराकडची काळी माती भाताला सोन्यासारखी, पण कुंडीत शक्यतो नकोच.

दुसरी चूक जवळजवळ सगळे करतात: कुंडीच्या तळाला खडीचा थर. पाणी झरझर निघून जाईल असं वाटतं, होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वर, मातीच्या खालच्या थरात अडकून राहतं. म्हणजे खडी घालून तुम्ही चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ आणता. भोकावर खापराचा एक तुकडा उपडा ठेवला की पुरे, बाकी कुंडी मातीनंच भरा.

तिसरी चूक नजरेला येत नाही, कारण ती कुंडीच्या खाली असते. गच्चीच्या फरशीवर सपाट बसलेल्या कुंडीचं भोक फरशीच बंद करते. कुंडी दोन विटांवर ठेवा, भोक दोन विटांच्या मधल्या फटीवर येऊ द्या. एवढ्या एका बदलानं पावसाळ्यात निम्मी झाडं वाचतात असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती होणार नाही.

आता निदान. झाड माना टाकतं, आपण तांब्याभर पाणी ओततो, आणि इथंच घात होतो. आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. माती कोरडी आणि झाड मलूल असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही झाड सकाळच्या गारव्यातही मलूल असेल तर मुळं सडताहेत. अशा वेळी कुंडी आडवी करून मातीचा गड्डा बाहेर काढा. पांढरी, कडक मुळं चांगली. तपकिरी, बोटानं दाबली की साल निसटून आत दोऱ्यासारखी शीर राहणारी मुळं गेलेली. ती कापा, नवं मिश्रण भरा, वरचा एक तृतीयांश पाला छाटा आणि आठवडाभर आडोशाला ठेवा. या काळात खत अजिबात नको.

जमिनीत लावणार असाल तर आधी पाणी मुरतं का ते बघा. फूटभर लांब-रुंद, फूटभर खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, ते मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला निदान एक इंच पाणी उतरलं तर जागा बरी. रात्रभर तसंच राहिलं तर खड्ड्यात रोप लावू नका. वीतभर उंच वाफा करून त्यावर लावा. शेवगा, पपई, लिंबू यांच्या बाबतीत तर ही अट टाळूच नका.

रताळ्याला पालाच पाला

पश्चिम भागातल्या लाल मातीत रताळं हे हक्काचं पीक, म्हणून परसातही लोक हौसेनं वेल लावतात. मग नोव्हेंबरात उकरलं की करंगळीएवढी मुळं निघतात. याची कारणं तीन. एक म्हणजे शेणखताचा मारा: नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि खाली काही भरत नाही. दुसरं म्हणजे सपाट जमिनीतली लागवड. सरी-वरंबा करून वरंब्यावर, वेलाच्या शेंड्याकडचा वीतभर तुकडा, तीन-चार डोळे मातीत जातील असा लावा. दोन तुकड्यांत वीतभर अंतर पुरतं. तिसरं कारण, वेल उचलून न टाकणं. वेल पसरेल तिथं प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि प्रत्येक मूळ थोडं थोडं खातं. दीड-दोन महिन्यांनी वेल हातानं उचलून वरंब्यावर उलटा टाकला की ही मुळं सुटतात. त्याच वेळी वरंब्याला पडलेल्या भेगा मातीनं बुजवा. सोंड्या भुंगा त्याच भेगांतून आत शिरतो.

नवरात्राच्या उपवासाला घरचीच रताळी हवीत म्हणून घाई होते. तयार झालंय का ते कळायला सोपी खूण आहे. एक रताळं काढून आडवं कापा आणि थोडा वेळ उघडं ठेवा. चीक पांढराच वाळला तर पीक तयार. कापलेला भाग हिरवट-काळा पडला तर अजून पंधरा दिवस थांबा.

हिवाळी माळवं

धणे सबंध पेरले की कोथिंबीर विरळ येते. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात. पोळपाटावर लाटण्यानं हलके दाबून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि साधारण एक सेंटिमीटर खोलीवर पेरा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघणाऱ्यांना कोणतंच बी पावत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात पेरलेली कोथिंबीर पानं धरण्याआधीच फुलोऱ्यावर जाते, तेव्हा पेरणी ऑक्टोबरात. डिसेंबरात मात्र भेंडी आणि दोडका पेरू नका, इथल्या थंडीत बी नुसतं पडून राहतं. ती जागा गाजर, बीट, मेथीला द्या.

संकेश्वरी मिरची परसात लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे बोकड्या, पानं आकसणं. सगळ्याला एकच औषध मारणं ही यातली चूक. पानाच्या कडा वर वळून द्रोण झाला असेल तर फुलकिडे आहेत. कडा खाली वळल्या असतील आणि देठ लांबट झाला असेल तर कोळी नावाची बारीक कीड आहे. फुलकिड्यांना लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं. कोळ्याला लिटरला २ ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक. मात्र तेल आणि गंधक यांच्यात निदान दोन आठवडे जाऊ द्या आणि कडक उन्हात गंधक मारू नका. नाहीतर पानं करपतात आणि त्याचं खापर किडीवर फुटतं.

गुलाब दसरा-दिवाळीच्या सुमारास छाटा, ऐन पावसात नको. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडा, मग छाटून खत द्या. वर्षभर लाडानं पाणी दिलेला मोगरा नुसता पाला दाखवतो.

नळाच्या दिवशीचं पाणी

टोमॅटोचं बूड काळं, चामड्यासारखं होतं तेव्हा लोक चुन्यासाठी अंड्याची टरफलं टाकतात. टरफलं कुजायला महिने लागतात, तोवर हंगाम संपतो. चुना मातीत बहुधा असतोच, फळापर्यंत पोचत नाही, कारण पाणी सलग मिळत नाही. जिथं नळ रोज येत नाही तिथं पाण्याच्या दिवशी पाइप सोडून कुंड्या तुडुंब करायच्या आणि नंतर पुढच्या पाण्यापर्यंत विसरायचं, असा परिपाठ असतो. फळं तडकतात तीही यानंच. पाणी पिंपात साठवा आणि मार्च-एप्रिलमध्ये १२ इंची कुंडीला रोज लिटर-दीड लिटर द्या. वर उसाच्या पाचटाचा दोन-तीन बोटं थर घाला, बुंध्याला चिकटू देऊ नका.

मे महिन्यात चार दिवस गावाला जाताना उलटी बाटली मातीत खोचणं बेभरवशाचं. झाकणाचं भोक एकतर चिखलानं बुजतं, नाहीतर तासाभरात बाटली रिकामी होते. त्यापेक्षा पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा उंचावर ठेवा. जुन्या सुती लुगड्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या पिळून आधी पूर्ण ओल्या करा. एक टोक दगड बांधून बादलीच्या तळाशी सोडा, दुसरं कुंडीच्या मातीत तीन बोटं खोल पुरा. मधला भाग उन्हात वाळतो, तो जुन्या पाइपच्या तुकड्यातून ओवा. नायलॉनचा भरवसा नाही. निघायच्या दोन दिवस आधी लावून पाहा, म्हणजे बादली किती पुरते ते कळतं.

सहलीच्या नावानंही एक चूक होते. खानापूरच्या रानात झाडावरची फुललेली आमरी (ऑर्किड) दिसली की ओरबाडून आणायची आणि कुंडीत मातीत लावायची. ही वनस्पती सालीवर, हवेत मुळं पसरून जगते. मातीत तिची मुळं आठवड्यात सडतात. शिवाय खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथून रोप उपटणं गुन्हा आहे. फोटो काढा आणि रोप रोपवाटिकेतून घ्या.

पहिला वळीव पडला की

मेच्या अखेरीस कुंड्या भरताना ताजं शेण वापरलं की मुळं खाणाऱ्या हुमणी किडीला आवतण मिळतं. कन्नड बोलणारे शेजारी तिला ‘गोण्णे हुळू’ म्हणतात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर तपकिरी भुंगेरे जमिनीतून वर येतात, तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि ओल्या, शेणाळ मातीत अंडी घालतात. जुलै-ऑगस्टमध्ये एखादं रोप हातानं सहज उपटून येतं, मुळं कुरतडलेली असतात आणि मातीत चंद्रकोरीसारखी वाकलेली पांढरी अळी सापडते. तोवर फार उशीर झालेला असतो. वळीव पडला त्याच संध्याकाळपासून आठवडाभर, साडेसात ते नऊ, अंगणात एक दिवा लावा आणि खाली घमेल्यात पाणी ठेवून त्यात चमचाभर रॉकेल घाला. शेणखत चाळून घ्या. हातात घेतल्यावर ते गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर अजून दोन महिने उकिरड्यावरच राहू द्या.