मित्रांसोबत पिस्तूल घेऊन प्रेअरी डॉगच्या शिकारीला निघालाय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या माळावर आमची ती तिसरी खेप. (प्रेअरी डॉग हा नावाचाच कुत्रा, खरा तो खारीच्या कुळातला, बिळं करून वसाहतीत राहणारा प्राणी.) सकाळची साडेनऊची वेळ, समोर शे-सव्वाशे बिळं आणि आम्ही पाच जण एका ओळीत. डावीकडच्या मित्राचं .२२ (०.२२ इंची बारीक नळीचं) पिस्तूल अडकलं. तो पिस्तूल हातात धरूनच आमच्याकडे वळला आणि म्हणाला, “अरे, हे बघ ना, काय झालंय?” नळी आधी माझ्या पोटावरून फिरली, मग शेजारच्याच्या छातीवरून. आत काडतूस होतं. कोणी चकार शब्द काढला नाही. तो आमच्यात वयाने मोठा, गाडी त्याची, जागाही त्याच्याच ओळखीतून मिळालेली. त्याला टोकायचं कसं?

भीड भिकेची बहीण म्हणतात. बंदुकीच्या बाबतीत ती त्याहून वाईट आहे. रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) अनोळखी माणूस चुकला तर आपण लगेच ओरडतो, पण मित्र चुकला की गप्प बसतो. मित्रांच्या सहलीत मी पाहिलेल्या बहुतेक चुका या गप्प बसण्यातून आल्या आहेत.

तेव्हापासून आमच्यातला एक जण गोळी झाडत नाही. त्याच्या गळ्यात शिट्टी असते आणि तो बिळांकडे न बघता मित्रांच्या हातांकडे बघतो. अर्ध्या तासाने पाळी बदलते. तो ‘थांबा’ म्हणाला की मॅगझिन (काडतुसांचा खोका) बाहेर, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे अडकवलेली, रिव्हॉल्व्हर (फिरत्या सिलिंडरमध्ये काडतुसं भरायचं पिस्तूल) पूर्ण रिकामं, हत्यार टेबलावर आणि सगळे दोन पावलं मागे. पिस्तूल अडकलं तर जागचं हलायचं नाही. नळी समोरच ठेवायची आणि मोकळा हात वर करायचा, लाइन सांभाळणारा चालत तुमच्याकडे येईल. रायफलीपेक्षा पिस्तुलात हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण चार-सहा इंचांची नळी मनगट जरासं वळलं तरी शेजाऱ्याकडे बघू लागते. लाइन सांभाळणाऱ्याने टोकलं की वाद घालायचा नाही, हेही घरून निघतानाच ठरवून ठेवा. वयाने कोण मोठा, हा प्रश्न माळावर येऊ द्यायचा नाही.

व्हिसावर असाल तर हे आधी वाचा

आपल्या लोकांकडून होणारी सगळ्यात महागडी चूक पिस्तूल हातात घेण्याआधीच झालेली असते. एच-वन-बी (नोकरी), एच-फोर (त्यांचे कुटुंबीय), एल-वन (कंपनीतली बदली), एफ-वन (विद्यार्थी) किंवा पर्यटक व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. ‘बाळगणं’ म्हणजे फक्त विकत घेणं नव्हे. मित्राचं पिस्तूल दहा मिनिटं हातात घेणं, रेंजवर भाड्याने घेणं, हे सगळं त्यात येतं. कायद्यात मोजके अपवाद आहेत. आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

इथे लोक नेमके फसतात. वायोमिंगमध्ये प्रेअरी डॉग मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. त्यामुळे एच-वन-बीवरचा मित्र निश्चिंत असतो, “इथे परवाना लागतच नाही रे.” राज्याला लागत नसेल, पण केंद्रीय कायद्यासाठी त्याला लागतो. तो खिशात नसेल तर तुरुंग आणि हद्दपारी, दोन्ही संभवतात. कोणाचा व्हिसा काय आहे हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. निघण्याच्या महिनाभर आधी स्पष्ट विचारा. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाची फी भरा. नाहीतर त्या मित्राच्या हाती दुर्बीण द्या. गोळी कुठे लागली ते बघून सांगणारा माणूस गटाला लागतोच.

राज्य ओलांडलं की नियम बदलतात. साउथ डकोटात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला परवाना लागतो. कोलोरॅडोत सार्वजनिक जमिनीवर १ मार्च ते १४ जून प्रेअरी डॉगची शिकार बंद असते, कारण तो पिल्लांचा काळ. युटा प्रेअरी डॉग ही जात तर संरक्षित यादीत आहे, तिच्या वाटेला जायचंच नाही. प्रवासात पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत आणि हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. (गावाकडचे भाऊ फोटो बघून विचारतात, “रानडुकरांसाठी असं काही जमेल का?” भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनविभागाच्या परवानगीशिवाय नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.)

मागे आकाश असेल तर चाप ओढू नका

प्रेअरी डॉग बिळाच्या तोंडाशी मातीच्या उंचवट्यावर मागच्या दोन पायांवर उभा राहतो. क्षितिजावर त्याची आकृती चित्रासारखी स्पष्ट दिसते आणि हात शिवशिवतो. तो सोडून द्यायचा. .२२ लाँग रायफलची (हे काडतुसाचं नाव, ते पिस्तुलातही चालतं) गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते, पण ती मैलाहून लांब जाऊ शकते. माळ सपाट दिसला तरी पुढच्या उताराखाली रँचरची (गुरं पाळणाऱ्या जमीनमालकाची) गुरं असतील, रस्ता असेल, आपलाच एखादा मित्र लघवीला गेलेला असेल. शिवाय उन्हाने कडक झालेल्या जमिनीवर साधी शिशाची गोळी दगडासारखी उसळते. म्हणून आम्ही लहानशा टेकाडावर बसतो आणि खाली नेम धरतो. गोळी चुकली तरी मातीतच जाते.

अंतराचा अंदाज माळावर हमखास चुकतो. झाड नाही, घर नाही, मोजायचं कशावरून? रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) न्या. आणि स्वतःची मर्यादा आधी कागदावर ठरवा: वाटीएवढं वर्तुळ काढायचं आणि दहातल्या नऊ गोळ्या ज्या अंतरावरून आत बसतात ते तुमचं अंतर. बहुतेकांसाठी साध्या .२२ पिस्तुलाने ते ५० यार्डांच्या आतच येतं. थॉम्पसन सेंटर काँटेंडरसारखं एका गोळीचं, दुर्बीण लावलेलं, .२२ हॉर्नेटचं (जास्त ताकदीच्या काडतुसाचं) पिस्तूल असेल तर गोष्ट वेगळी. जखमी जनावर बिळात शिरलं की ते आत तडफडत मरतं आणि आपल्याला काहीच करता येत नाही. त्या अंतराबाहेर गोळी झाडू नका, शेजारच्याने झाडली तरीही.

एकाच टेबलावर सगळ्यांची काडतुसं

सगळ्यांचे खोके एकत्र ओतले की घोटाळा ठरलेला. रूगर सिंगल-सिक्स या रिव्हॉल्व्हरबरोबर दोन सिलिंडर मिळतात, एक लाँग रायफलसाठी आणि दुसरं मॅग्नमसाठी (जास्त लांब आणि ताकदीचं काडतूस). मॅग्नमचं सिलिंडर बसवलेलं असताना लाँग रायफलचं काडतूस घातलं तर ते सैल बसतं, उडतंही, पण त्याचं पितळ फाटतं आणि वायू मागे येतो. दर हत्यारामागे वेगळी ट्रे ठेवा. रिव्हॉल्व्हर पहिल्यांदाच हाताळणाऱ्याला सिलिंडर आणि नळीमधली फट दाखवा. तिच्यातून तापलेला वायू जोरात बाहेर पडतो, मोठ्या मॅग्नममध्ये तो बोट कापू शकतो. रायफलीसारखा डावा हात पुढे नेणाऱ्याला तिथेच थांबवा.

चाप ओढला आणि गोळी सुटली नाही

नळी समोर ठेवा आणि मनात तीस आकडे मोजा. काडतूस उशिरा पेटू शकतं. मग ते बाहेर काढा. .२२ मध्ये दारू पेटवणारं मिश्रण कडेच्या आत पसरलेलं असतं, काही जागी कमी पडलेलं असतं. काडतूस थोडं फिरवून पुन्हा घातलं तर बऱ्याचदा उडतं. नाही उडलं तर बाजूला ठेवा.

नेहमीच्या आवाजाऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर मात्र पुढची गोळी कोणत्याही परिस्थितीत झाडायची नाही. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, दुसरी मागून आली तर नळी फुटते. कानावर मफ आणि आत प्लग असताना हा फरक झाडणाऱ्याला कळत नाही, लाइन सांभाळणाऱ्याला कळतो. पिस्तूल वारंवार अडकत असेल तर आधी चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसतं ती जागा) पुसा. .२२ च्या गोळ्यांवरचं मेण आणि काजळी तिथे साठते.

उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या सतत खाली-डावीकडे जात असतील तर नेमाची साधनं फिरवत बसू नका, पिस्तुलात दोष नाही. मित्राला रिव्हॉल्व्हर भरून द्यायला सांगा: तीन जिवंत काडतुसं, दोन झाडलेली, सिलिंडर फिरवलेलं. झाडलेल्या काडतुसावर घोडा पडतो, आवाज होत नाही आणि नळी सपकन खाली बुडी मारते. धक्क्याचा आणि आवाजाचा हा धसका नवख्याच्या मनात बसतो तो पहिल्याच दिवशी कोणी हौसेने .४४ मॅग्नम हातात दिल्यामुळे. पहिला दिवस .२२ चाच ठेवा.

बिळाशी उभं असलेलं प्रत्येक जनावर प्रेअरी डॉग नसतं

त्याच बिळांत एक लहानसं, लांब पायांचं घुबड राहतं. बिळाच्या तोंडाशी उभं राहून ते गुडघ्यांत वाकल्यासारखं वरखाली करतं. घाईत बघणाऱ्याला ते प्रेअरी डॉगचं पिल्लूच वाटतं. आपल्या पिंगळ्याच्या कुळातलं हे घुबड, १९९७ मध्ये नंदुरबारच्या शहाद्याजवळ पुन्हा सापडलेल्या रानपिंगळ्याचं भावंड. अमेरिकेत ते कायद्याने संरक्षित आहे. दुर्बिणीतून खात्री झाल्याशिवाय बोट चापावर नेऊ नका. शक्य असेल तर तांब्याच्या गोळ्या वापरा. मेलेले प्रेअरी डॉग गरुड आणि ससाणे खातात, शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात.

मेलेल्या जनावराला हात लावू नका, गटात कुत्रा असेल तर त्यालाही जवळ जाऊ देऊ नका. या वसाहतींत पिसवांमधून प्लेग पसरतो. वायोमिंगच्या थंडर बेसिनमध्ये २०१७ साली प्लेगने वसाहतीच्या वसाहती ओस पाडल्या. पायमोजे पँटवर ओढा, कपड्यांवर कीटकनाशक फवारा. बिळात हात तर घालूच नका, आत रॅटलस्नेक असतो.

परत निघताना रँचचं फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. त्याआधी प्रत्येक हत्यार दोघांनी बघायचं. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघून आणि तोंडाशी करंगळीने चाचपून रिकामं असल्याची खात्री करायची, मग पेटी, मग कुलूप. मग साबण आणि गार पाण्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, कारण शिशाची भुकटी बोटांवर असते. थालीपिठांचा डबा त्यानंतरच उघडायचा.