पणजीत खायला येताय? आधी घड्याळ बघा

आमच्याकडे पाहुण्यांची रीघ असते, कोण पुण्याहून कोण सांगलीहून, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय काय खायचं सांग." मी आता उलटा विचारतो, उठणार किती वाजता? कारण इथे पदार्थाची वेळ टळली की पदार्थ गेला. गेल्या वर्षी मावशीकडची मंडळी फोन्तेन्हासमध्ये, म्हणजे पणजीच्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत, पिवळ्या-निळ्या घरांसमोर फोटो काढत राहिली आणि सव्वातीनला आम्ही नुस्त्याच्या, म्हणजे माशांच्या थाळीसाठी पोचलो, तर शटर अर्धं खाली, आत एक पोरगा फरशी पुसतोय, वर न बघताच म्हणाला, "जेवण सोंपलें." मावशीने संध्याकाळपर्यंतची वेळ वेफर्सवर काढली, अजून ऐकवते.

तर सकाळी हॉटेलचा फुकट नाश्ता सोडा आणि आठ-साडेआठला भाजी-पाव खायला बाहेर पडा. कॅफे तातो, कॅफे भोसले ही पणजीतली जुनी नावं, गर्दी असते, अनोळखी माणसासमोर टेबल शेअर करायची तयारी ठेवा. आणि हो, मुंबईच्या पावभाजीचा आणि याचा काही संबंध नाही. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची, खोबऱ्याच्या वाटणातली, सुकी म्हणजे बटाट्याची, आणि ठरत नसेल तर मिक्स सांगा, दोन्ही एकाच बशीत येतात. सोबत मिरची भजी घ्या, आणि शेवटी केळं घातलेला गोडसर बन चहात बुडवून. नुसतं पाव म्हणालात तर साधा मऊ पाव येईल, पोई आहे का ते विचारा. पोई म्हणजे गव्हाची, वरून कोंडा लावलेली, आतून पोकळ, भाजी ओढून घ्यायला हिच्यासारखं काही नाही.

दुपारचं जेवण साडेबारा ते दोन, त्यापुढे रिस्क तुमची. ३१ जानेवारी रस्त्यावर आनंदाश्रम आहे, तिथे किंवा तसल्याच साध्या खानावळीत थाळी घ्या. उकड्या तांदळाचं शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, एखादी भाजी, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर (खोबऱ्यातली कोशिंबीर), सोलकढी. तळलेलं नुस्तें वेगळं सांगायचं, आणि त्यात इसवण, म्हणजे सुरमई, सगळेच मागतात म्हणून तुम्हीही मागू नका, आज ताजं काय आलंय ते विचारा, बांगडा ताजा असेल तर तोच खा आणि पैसेही वाचवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा मासे कमी आणि महाग, अशा वेळी खतखतें (मिश्र भाज्यांचा रस्सा) किंवा अळसांद्यांचं, म्हणजे चवळीचं, तोणक (खोबऱ्याच्या वाटणातली उसळ) मागा, शाकाहारी लोकांनी तर कधीही.

तीनपासून पाचपर्यंत गाव झोपतं. तेव्हाच जुन्या गोव्याला जाऊन या, दहाएक किलोमीटरवर आहे, चर्चेस १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण पोटभर खाऊन जा.

आता संध्याकाळ, माझा सगळ्यात आवडता भाग. अंधार पडायला लागला की रोस ऑम्लेटचे गाडे लागतात. गाड्यावरचा माणूस ग्लासात अंडी फोडून कांदा-मिरची घालून खडखड फेटतो, तव्यावर पसरतो, दुमडून बशीत टाकतो आणि मग शेजारच्या मोठ्या टोपातून शागोतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्यातल्या कोंबडीचा, गरम रस्सा डावभर वरून ओततो, ऑम्लेट जवळजवळ बुडतंच, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड, बाजूला पाव. उभ्यानेच खायचं. सगळा रस्सा एकदम ओतू नका असं सांगणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका. पोर्क चालत असेल तर चुरीस-पाव पण बघा, शिरक्यातलं आंबट-तिखट सॉसेज असतं, एक पाव दोघांत पुरतो, खारट असतो.

आता काजूच्या बोंडांची दारू: उर्राक, म्हणजे पहिल्या धारेची हलकी, साधारण मार्च ते मे याच दिवसांत मिळते, पुन्हा गाळलेली कडक फेणी वर्षभर. फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण वासाची सवय नसेल तर पहिल्याच दिवशी हिरोगिरी नको.

गोडात बेबिंका, थराथरांचा गोवन केक. एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, मग त्यावर पुढचा, असा वेळखाऊ प्रकार, त्यामुळे घरगुती मिळाली तर सोडू नका. बाजारातली पाकिटं घेताना तारीख बघा.

निघायच्या दिवशी लवकर उठून खिडकी उघडी ठेवा, पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत येतो. दहा पोई घ्या. दुसऱ्या दिवशी चिवट होतात, घरी तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम करा.